मुद्रा आणि ताट : सामूहिक गायनाच्या समाप्तीचा एक तौलनिक विचार

१

ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना त्याचा आरंभ आणि शेवट एकत्र पाहावा, हा मीमांसकांचा नियम लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'मुळे (१९१५) मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती या सहा लिंगांपैकी पहिल्या दोहोंचा संबंध रचनेच्या घडणीशी येतो. कृती कोठून निघाली व कोठे पोचली, आणि वाटेत तिने पुन्हा पुन्हा काय म्हटले, हे त्यांवरून कळते. पाश्चात्त्य समीक्षेत फ्रँक करमोड यांचा 'द सेन्स ऑफ अ‍ॅन एंडिंग' (१९६७) आणि बार्बरा हर्नस्टीन स्मिथ यांचा 'पोएटिक क्लोजर' (१९६८) हे दोन ग्रंथ जवळजवळ एकाच वेळी समाप्तीच्या प्रश्नाकडे वळले. पहिल्याचा भर कथात्म साहित्यावर, तर दुसऱ्याचा भावकवितेवर आहे. मीमांसक काय किंवा हे दोन समीक्षक काय, त्यांच्या डोळ्यांसमोर प्राधान्याने एक संहिता आणि तिचा अर्थ लावणारा एक वाचक असतो.

संतांचे काव्य मात्र प्राधान्याने मेळ्यात गायिले गेले. गायिलेल्या काव्याला दोन शेवट असतात. एक रचनेचा शेवट : अभंगाचा अंतिम चरण, ज्यात कवी आपले नाव घालतो. दुसरा मेळ्याचा शेवट : सप्ताहाचा, काकड्याचा, गायनाच्या एका हंगामाचा. पहिल्या शेवटाविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. नाममुद्रेवरून कर्तृत्वनिश्चिती करण्याचा सारा व्यवहार त्यावरच उभा आहे. दुसऱ्या शेवटाचा विचार बहुधा लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांकडे सोपविण्यात आला. या वाटणीमुळे संतकाव्याच्या आकलनात एक उणीव राहिली आहे. ती कोणती, हे पाहण्यासाठी एकाच तिथीला संपणाऱ्या दोन सामूहिक गायनांची तुलना येथे केली आहे : पंजाबातील मोहाली शहरातील प्रभातफेरी आणि महाराष्ट्रातील कार्तिकी काकडा.

२

मोहाली हे चंदिगडला लागून वसलेले, आखीव रस्त्यांचे, फेज आणि सेक्टर यांच्या क्रमांकांनी ओळखले जाणारे शहर आहे. १९६६ च्या पंजाबच्या पुनर्रचनेनंतर ते वाढले. सोहाना, मटौर, कुंभडा यांसारखी जुनी गावे त्याच्या पोटात आली; बहुसंख्य वस्ती मात्र नोकरी-उद्योगाच्या निमित्ताने बाहेरून आलेल्यांची. शहराचे अधिकृत नाव साहिबजादा अजितसिंग नगर, गुरू गोविंदसिंगांच्या ज्येष्ठ पुत्राच्या नावावरून. २००६ पासून त्याच नावाचा जिल्हा आहे. मराठी वाचकाला हे नाव सर्वस्वी परके नाही. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान १७०८ मध्ये गोदातीरी नांदेड येथे झाले. त्याच वर्षी तेथे त्यांना भेटून उत्तरेकडे निघालेल्या बंदासिंग बहादूर यांनी मे १७१० मध्ये सरहिंदच्या वजीरखानाचा पराभव केला, तो छप्पर चिडीच्या मैदानात. आज ते मैदान मोहालीच्या हद्दीला लागून आहे. गोदातीर आणि मोहाली यांना जोडणारी ही वाट इतिहासग्रंथांत नोंदलेली आहे. गाण्याची वाट त्याहून जुनी आहे, आणि ती नामदेवांची आहे.

गुरू नानकांच्या गुरुपर्वाआधी मोहालीच्या गुरुद्वारांतून, पंजाबात इतरत्र निघतात तशा, प्रभातफेऱ्या निघतात. कोठे काही दिवस, कोठे दोन-तीन आठवडे हा क्रम चालतो. उजाडण्यापूर्वी, ज्याला शीख परंपरेत अमृतवेळा म्हणतात त्या प्रहरी, स्त्री-पुरुष-मुले गुरुद्वारातून निघतात. ढोलकी, चिमटा आणि टाळ यांच्या साथीने शबद गात वस्तीतून फिरतात. पुढचा गायक ओळ म्हणतो, मागची संगत ती उचलते. ज्याच्या दारी फेरी थांबते तो चहा, दूध, प्रसाद देतो. गाणाऱ्यांची निवड होत नाही. आवाज चांगला असण्याची अट नाही. पहाटे उठण्याची तेवढी आहे. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांवर घरांची ओळख अशी या दिवसांत दारोदारच्या थांब्यांतून घडत जाते. गुरुपर्व येते आणि फेरी त्या वर्षापुरती संपते.

महाराष्ट्रातील काकडाही पहाटेचाच. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला, तो बसतो आणि कार्तिक पौर्णिमेला उठतो. गावाच्या देवळात पहाटे भजनी मंडळी जमतात. मंगलाचरण, काकडआरती, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी अशा क्रमाने अभंग म्हटले जातात. गुरू नानकांचे गुरुपर्वही कार्तिक पौर्णिमेलाच साजरे होते. दोन्ही प्रदेशांतील पहाटेच्या गायनाचा हंगाम असा एकाच दिवशी आटोपतो.

हा निव्वळ योगायोग मानून सोडून देण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. महाराष्ट्रात महिना अमान्त आहे. त्या गणनेने कार्तिक पौर्णिमा महिन्याच्या मध्यावर पडते. उत्तरेत महिना पौर्णिमान्त आहे. तेथे तीच पौर्णिमा महिन्याचा शेवटचा दिवस ठरते. काकड्याचा कालावधी मात्र पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतचा आहे. म्हणजे व्यवहारात अमान्त मास पाळणारा मराठी प्रदेश पहाटेच्या गायनासाठी कार्तिकस्नानाप्रमाणेच पौर्णिमान्त कार्तिक पाळतो. यावरून कोणी कोणाकडून काय घेतले, हे सिद्ध होत नाही. दोन्ही गायनांना ऋतूची एकच चौकट लाभली आहे, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. या चौकटीच्या आतच कार्तिक शुद्ध एकादशी येते, परंपरेने नामदेवांचा जन्म त्या तिथीचा, शके ११९२ (इ. स. १२७०) मधला मानला आहे.

वरवर पाहता दोन गायनांचे प्रयोजन भिन्न आहे. काकडा देवाला उठवितो, प्रभातफेरी वस्तीला. सगुणोपासनेत देव निजतो आणि जागा होतो; निर्गुण परंपरेत निजणारा माणूसच असतो. परंतु हा भेद शेवटाच्या बाजूने पाहिला की सैल होतो. चार महिने निजलेला देव प्रबोधिनी एकादशीला जागा होतो, ही श्रद्धा. काकडा मात्र त्यानंतरही चालू राहतो आणि पौर्णिमेला संपतो. देव जागा झाल्यावरही जागविण्याचे गाणे थांबत नसेल, तर ते कोणाला जागवीत असते, याचे उत्तर गाणाऱ्यांकडेच बोट दाखविते. समाप्तीची तिथी येथे अर्थाची तिथी ठरते. उपसंहारावरून तात्पर्य ठरवावे, हा मीमांसकांचा नियम संहितेबाहेरही लागू पडतो, तो असा.

३

आता रचनेकडे वळू. अभंगाच्या छापील गाथेत ध्रुवपदाची खूण बहुधा पहिल्या चरणसमूहानंतर येते. श्री गुरू ग्रंथसाहिबातील शबदांत 'रहाउ' ही खूण सामान्यतः पहिल्या पदानंतरच येते. दोहोंचे काम एक आहे : गाताना परत येण्याची जागा दाखविणे. कागदावर एकदाच लिहिलेली ओळ गायनात प्रत्येक कडव्यानंतर येते. मीमांसकांचे 'अभ्यास' हे लिंग येथे अक्षरशः ऐकू येते. मोहालीच्या फेरीत संगत उचलते ती ही ओळ. काकड्यात टाळकरी उचलतात तीही हीच. उरलेली कडवी अनेकांना पाठ नसतात. ध्रुवपद मात्र त्या पहाटे आलेल्या नवख्यालाही दुसऱ्या आवर्तनात येते. या अर्थाने ध्रुवपद ही काव्यातील समूहाची मालमत्ता आहे.

अंतिम चरण याच्या उलट आहे. तेथे कवी आपले नाव सांगतो आणि आधीच्या विधानांची जबाबदारी घेतो. तो चरण सामान्यतः मुख्य गायक म्हणतो. समूह त्यानंतर लगेच ध्रुवपदाकडे परततो. म्हणजे गायनात रचना तिच्या शेवटावर संपतच नाही. मुद्रा उमटते आणि त्यावर ध्रुवपद पुन्हा फिरते. छापील पानावर शेवटचा शब्द कवीचा असतो. गायिलेल्या अभंगात तो समूहाचा असतो.

नामदेवांच्या बाबतीत या निरीक्षणाला विशेष महत्त्व आहे. मराठी नामदेव आणि हिंदी पदांचे नामदेव एक की अनेक, विष्णुदास नामा कोणता, कोणते अभंग मूळचे आणि कोणते मागाहूनचे, हा वाद मराठी संशोधनात दीर्घकाळ चालला आहे. त्याची आवश्यकता नाकारता येत नाही; पाठचिकित्सेवाचून गाथा सिद्ध होत नाही. परंतु विनांद कालेवार्त आणि मुकुंद लाठ यांनी १९८९ मध्ये नामदेवांच्या हिंदी पदांचे संपादन करताना गायकांच्या परंपरेचा पाठभेदांशी असलेला संबंध पुढे आणला. ख्रिश्चन ली नोव्हेत्स्की यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात नामदेवांचे कर्तृत्व कीर्तनाच्या सार्वजनिक स्मृतीच्या संदर्भात तपासले. या दोन्ही अभ्यासांनंतर 'नामा म्हणे' ही केवळ स्वाक्षरी आहे, असे मानून चालता येत नाही. गायक ती म्हणतो तेव्हा तो नामदेवांच्या नावाने बोलतो आणि समूह त्याला संमती देतो.

श्री गुरू ग्रंथसाहिबाची रचना या संदर्भात पाहण्याजोगी आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी भाई गुरदासांकडून लिहवून घेतलेल्या या ग्रंथात पुढे गुरू तेगबहादूर यांची वाणी समाविष्ट झाली. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. मुख्य विभागणी रागांनुसार आहे, कवींनुसार नाही. ज्या रागांत भगतांची वाणी आहे, त्यांत आधी गुरूंची वाणी आणि शेवटी भगतांची. टोडी, माली गौडा आणि कानडा या तीन रागांत भगतांपैकी एकट्या नामदेवांची पदे असल्यामुळे ते राग नामदेवांवरच संपतात. मराठी गाथेच्या संपादनपरंपरेत हिंदी पदांना मुख्य अभंगांपासून वेगळा, मागचा विभाग मिळाला. पंजाबातही नामदेव मागेच आहेत, पण ते रागाच्या आत आहेत. जेथे राग पूर्ण होतो तेथे. एका परंपरेत शेवटची जागा ही पुरवणीची जागा आहे, दुसरीत ती पूर्तीची. हा फरक संपादकांच्या आवडीनिवडीचा नाही. एक मांडणी कवीला केंद्र मानून झाली, दुसरी गायनाला.

४

मेळ्याच्या शेवटासाठी दोन्ही भाषांनी वापरलेले शब्द बोलके आहेत. मराठीत काकड्याची किंवा सप्ताहाची सांगता 'काल्या'ने होते. काल्याच्या कीर्तनात विषय ठरलेला असतो : कृष्णाच्या बाललीला आणि गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून केलेले वनभोजन. एरवी अभंगनिवडीत स्वतंत्र असलेला कीर्तनकार त्या दिवशी ही मर्यादा पाळतो. कीर्तनाच्या शेवटी दही-लाह्यांचा काला वाटला जातो. 'काला' हा शब्द कालवण्याशी जोडलेला आहे : जे एकदा मिसळले ते पुन्हा वेगळे करता येत नाही. आषाढी वारीची सांगताही अशीच, पौर्णिमेला गोपाळपुरी होणाऱ्या गोपाळकाल्याने होते.

पंजाबीत पाठाच्या समाप्तीला 'भोग' म्हणतात. मराठी कानाला या शब्दात नैवेद्य ऐकू येतो, दैवाने वाट्याला आलेले दुःखही ऐकू येते. पंजाबीत त्याचा रूढ अर्थ समाप्ती असा आहे. गुरुपर्वाच्या निमित्ताने अखंड पाठ ठेवला जातो. सुमारे ४८ तासांत संपूर्ण ग्रंथाचे वाचन होते आणि त्याचा भोग पडतो. मग आनंदसाहिबाच्या चाळीस पौड्यांपैकी पहिल्या पाच आणि शेवटची अशा सहा म्हटल्या जातात, उभे राहून अरदास होते, हुकमनामा घेतला जातो, कडाह प्रसाद वाटला जातो आणि लंगरची पंगत बसते.

येथे एक सोपे विधान करण्याचा मोह होतो : महाराष्ट्रात गायनाची समाप्ती अन्नात होते, पंजाबात ग्रंथात, एक परंपरा विरघळण्याने संपते, दुसरी वाचून पूर्ण करण्याने. विधान आकर्षक आहे, पण टिकणारे नाही. कडाह प्रसाद आणि लंगर त्याच्या आड येतातच. त्याहून मोठी अडचण प्रत्यक्ष ग्रंथानेच उभी केली आहे. ग्रंथाच्या अखेरीस गुरू अर्जनदेवांची 'मुंदावणी' आहे. तिच्यात रूपक आहे ते ताटाचे : सत्य, संतोष आणि विचार हे तीन पदार्थ वाढलेले ताट, आणि ते सेवन करणाऱ्याचा उद्धार. 'मुंदावणी' या शब्दाचा अर्थ काही अभ्यासक कोडे असा करतात, तर काही मुद्रा, म्हणजे शिक्का, असा. दुसरा अर्थ घेतल्यास ग्रंथ बंद करणारी मुद्रा हीच वाढलेले ताट ठरते.

अभंगाच्या शेवटी मुद्रा असते आणि हंगामाच्या शेवटी ताट. या दोन शेवटांमधील अंतर मुंदावणीत नाहीसे होते. मुद्रेने संहितेत आणखी काही घालण्याला बंदी होते. ताटाने येणाऱ्या कोणालाही बसण्याचे आमंत्रण मिळते. संहिता बंद करणे आणि समूह खुला करणे ही दोन कामे एकाच रूपकाने एकाच जागी केली आहेत. इतकेच नव्हे, तर मुंदावणीनंतर येणारी 'रागमाला' वाचावी की वाचू नये, हा प्रश्न १९४५ च्या शीख रहित मर्यादेने स्थानिक रीतीवर सोडला आहे : भोग मुंदावणीवर घालावा अथवा रागमालेवर. अक्षरन् अक्षर जपलेल्या ग्रंथाचे वाचन नेमके कोठे थांबवावे, हे ठरविण्यात जमलेल्या संगतीलाही वाटा आहे.

५

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. समाप्तीचे ताट सर्वांसाठी असते, हे विधान इतिहासात कितपत खरे ठरले? ज्या पंढरीच्या वारीची सांगता काल्याने होते तेथेच चोखामेळ्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. शिदोऱ्या मिसळण्याचे कीर्तन शतकानुशतके झाले, आणि ते ऐकून घरी गेलेल्यांच्या पंगती वेगळ्या राहिल्या. पंजाबात लंगरची परंपरा सर्वांना एका ओळीत बसविते. तरीही त्या प्रदेशातील अनेक गावांत जातवार गुरुद्वारे असल्याचे समाजशास्त्रीय अभ्यासांनी नोंदविले आहे. महाराष्ट्रात शिंपी, पंजाबात छींपा म्हणून ओळखल्या गेलेल्या नामदेवांच्या पदांतच मंदिरातून उठविले गेल्याचा प्रसंग येतो, हे येथे विसरता येत नाही.

म्हणून काला किंवा भोग यांना साध्य झालेल्या समतेचे प्रतीक मानणे ही समीक्षेची फसगत होईल. त्याचबरोबर त्यांना निव्वळ उपचार म्हणून बाजूला सारणेही योग्य नाही. हंगामी समाप्तीचे वैशिष्ट्य हे की ती अखेरची नसते. भावकवितेचा शेवट एकदाच होतो, कादंबरीचाही. काला दरवर्षी करावा लागतो, कारण गेल्या वर्षी मिसळलेले या वर्षी पुन्हा वेगळे झालेले असते. वर सांगितलेला कालवण्याचा अर्थ, एकदा मिसळलेले वेगळे न होण्याचा, हे काल्याचे वचन आहे. दरवर्षीची पुनरावृत्ती ही ते वचन पाळले न गेल्याची कबुली आहे. दोन्ही मिळून या समाप्तीचा अर्थ होतो. करमोड यांच्या विवेचनातील शेवट मधल्या काळाला अर्थ देतो. हंगामी गायनाचा शेवट पुढील आरंभाची गरज सिद्ध करतो.

भाषेच्या संदर्भातही हेच खरे आहे. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली पंजाबातील घुमान येथे भरले. नामदेवांच्या वास्तव्याने पावन मानल्या गेलेल्या त्या गावी मराठी साहित्यव्यवहार प्रथमच एवढ्या संख्येने पोचला. त्या घटनेचे मोल आहेच. परंतु संमेलनाची सांगता ठरावांनी होते, आणि ठरावांचे ध्रुवपद होत नाही. मराठी-पंजाबी संबंध हा स्मृतिस्थळाला दिलेल्या भेटीचा विषय म्हणून पाहिला तर तो त्या तीन दिवसांत पूर्ण होतो. तो गायनाचा संबंध म्हणून पाहिला तर दरवर्षी कार्तिकात तो नव्याने उभा राहतो : कोणी मराठी माणूस तेथे हजर नसला तरी, आणि गाणाऱ्यांना पंढरपूर ठाऊक नसले तरी.

६

या तुलनेतून अभ्यासाच्या दृष्टीने तीन गोष्टी हाती लागतात. पहिली : संतकाव्याच्या संपादनात आणि अध्यापनात ध्रुवपद व मुद्रा यांना समान वजन मिळावयास हवे. आज मुद्रेवर सारी चर्चा होते आणि ध्रुवपद छंदाच्या टिपेपुरते उरते. दुसरी : गायनाचा क्रम, हंगाम आणि सांगता ही संहितेच्या अर्थाची साधने आहेत. एकादशी व पौर्णिमा यांमधील चार दिवसांची दखल न घेणाऱ्या वाचनाला भूपाळीचा पूर्ण अर्थ सापडणार नाही. तिसरी : तौलनिक साहित्याने प्रभावाच्या आणि देवाणघेवाणीच्या शोधाबरोबरच समांतर व्यवहारांकडेही पाहावे. मोहालीची फेरी आणि महाराष्ट्रातील काकडा यांनी एकमेकांकडून काही घेतल्याचा पुरावा मिळाला नाही, तरी समूहाने काव्य कसे संपवावे या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे शेजारी ठेवता येतात, आणि एकाच्या उजेडात दुसरे अधिक नीट वाचता येते.

कार्तिक पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेची पहाट दोन्हीकडे सारखीच असते. देवळात टाळ खुंटीवर गेलेले असतात, आखीव रस्त्यांवर ढोलकी वाजत नसते. महिनाभर गाणाऱ्यांसोबत ज्यांनी केवळ ध्रुवपद धरले, त्यांना त्या वेळी आपोआप जाग येते. गाणे नसताना आलेली ही जाग कोणत्याही संहितेत नोंदलेली नाही. तरीही सामूहिक गायनाच्या फलाचा विचार करणाऱ्या समीक्षेला तिच्यापर्यंत यावे लागेल.